पहिले वर्ष कानाचे

(संस्थेच्या संगीत वर्गात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या स्वागतप्रसंगी केलेले भाषण)



 

मी वक्ता नाही. पंचेचाळीस वर्षे मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे आणि सतारी घडवण्याचे काम केले. हाताला पटाशीची आणि कानशीची सवय, माइकची नाही. चिटणीस साहेबांनी सांगितले, "दहा मिनिटे बोला, मुलांना धीर द्या." मी म्हटले, धीर द्यायचा असेल तर आधी पालकांना द्यावा लागेल. त्यामुळे दहाची वीस मिनिटे झाली तर माफी असावी. जे आज येऊ शकले नाहीत त्यांनी हे स्मरणिकेत वाचावे, आणि मुलाचे नाव वर्गातून काढण्याचा विचार मनात आला तर आणखी एकदा वाचावे.

वरच्या मजल्यावरची ती खोली आपण पाहिली असेल. संस्थेच्या तरुण मंडळींनी तिला 'म्युझिक स्टुडिओ' असे नाव दिले आहे. भिंतींना जाड कापड लावले आहे, खाली सतरंजी आहे, दोन तंबोरे, दोन पेट्या, तीन तबलाजोड्या, एक सतार आणि आवाज मुद्रित करण्याचे एक छोटे यंत्र आहे. आठ ते सोळा वयाच्या कोणत्याही मुलामुलीला तेथे प्रवेश आहे. आवाजाची परीक्षा घेऊन प्रवेश देण्याची पद्धत नाही. ही अट नसावी म्हणून मी समितीपुढे हट्ट धरला होता. तो का धरला, हे सांगण्यासाठी मला माझी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

माझ्या लहानपणी आमच्या घरात कधीही दहा-पंधरा तंबोऱ्यांपेक्षा कमी नसत. पण ते सगळे गिऱ्हाइकांचे. आमचा म्हणून एकही नव्हता. अब्बा दिवसभर तारा जुळवीत, गवई मंडळी येऊन वाद्य पारखून नेत, आणि मी कोपऱ्यात बसून भोपळ्याच्या बिया काढी. मला गावेसे वाटे. तेरा वर्षांचा असताना मी धीर करून एका शिकवणीत गेलो. मास्तरांनी पेटीवर काळी चार धरली. सर्व मुलांना तीच पट्टी होती. माझ्यापेक्षा लहान मुले सहज वर जात होती. माझा आवाज पंचमापाशी फाटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटला. तिसऱ्या दिवशी मास्तर सर्वांसमोर म्हणाले, "तुला गळा नाही. घरचा धंदा बघ." मी उठलो आणि घरचा धंदा बघितला.

मास्तरांना मी दोष देत नाही. चांगले गृहस्थ होते, आता हयात नाहीत. पण त्या वर्षी माझा कंठ फुटत होता, एवढे त्यांच्या लक्षात आले नाही, आणि मला तर ते ठाऊकच नव्हते. तेरा-चौदाच्या सुमारास मुलाचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. हा बदल एका रात्रीत होत नाही. कित्येक महिने, कधी वर्षभर, गळा कुठेच ठरत नाही. काल जो स्वर लागला तो आज लागत नाही. अशा मुलाला काळी चारमध्ये गायला लावणे म्हणजे वाढत्या पायात गेल्या वर्षीचा बूट कोंबणे. त्याला खाली काळी एकच्या आसपास आणावे, चार-पाच स्वरांतच ठेवावे, जोर लावू देऊ नये. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, पण थोडा. त्यामुळे त्यांचे फारसे अडत नाही.

हे मला कोणी शिकवले नाही. गिऱ्हाइकांकडून कळले. तंबोरा करून देताना पहिला प्रश्न असतो, "पट्टी कोणती?" काळी एकच्या पुरुषाचा तंबोरा वेगळा आणि काळी पाचच्या बाईचा वेगळा. भोपळा लहान, दांडी आखूड, तारांचे गेज निराळे. वाद्यसुद्धा माणसाचा गळा विचारून घडवतात. ज्या मुलाला मी बेसूर समजत होतो त्याला फक्त त्याची पट्टी मिळाली नव्हती, हे उमजायला मला विशी ओलांडावी लागली. तोवर लाज इतकी मुरली होती की मी कोणासमोर तोंड उघडले नाही. आजतागायत नाही.

म्हणून पालकहो, पहिल्या महिन्यात मूल घरी येऊन म्हणाले की "मला जमत नाही," तर त्याला रागावू नका आणि लगेच मानूही नका. शिक्षकांना एवढेच विचारा: त्याची पट्टी कोणती धरली आहे?

आता वर्गात काय चालणार ते सांगतो, कारण दोन आठवड्यांनी आपण विचारणार, "अजून एकही गाणे कसे आले नाही?"

पहिले काही दिवस मुले गाणारच नाहीत. तंबोरा ऐकतील. चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे मध्य षड्जाच्या, आणि शेवटची खर्जाची. घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवलेला असतो. तो धागा केसभर पुढे-मागे केला की तार बोलू लागते, तिच्यात झंकार येतो. त्याला जवारी म्हणतात. घोडीचा माथा कानशीने घासून ही जवारी काढायची, हे आमच्या धंद्यातले सर्वांत कठीण काम. लाकूड तासायला वर्षभरात येते, जवारीला दहा वर्षे लागतात आणि काहींना कधीच येत नाही.

चांगली जवारी काढलेल्या तंबोऱ्यात एक नवल आहे. खर्जाची तार छेडावी आणि शांत बसावे. तार षड्जाची, पण थोड्या वेळाने तिच्यातून गंधार ऐकू येतो. कोणी वाजवलेला नाही, कोणती तार त्या स्वराला लावलेली नाही, तरी तो तेथे असतो. याला स्वयंभू गंधार म्हणतात. मी सोळा वर्षांचा होतो. अब्बांनी खर्ज छेडला आणि विचारले, "काय ऐकू येते?" मी म्हटले, "सा." ते काही बोलले नाहीत. रोज विचारीत. मी रोज "सा" म्हणे. तीनेक महिन्यांनी एका संध्याकाळी, दुकानाची फळी लावता लावता, तो गंधार मला ऐकू आला, आणि त्यानंतर कधी ऐकू न येणे अशक्यच झाले. माझ्या आयुष्यात मला मिळालेले संगीताचे शिक्षण एवढेच. पण मुलांनो, तुम्हांला त्याच जागेपासून सुरुवात करायला मिळते आहे, आणि तीही गाण्याच्या बाजूने.

पेटीचा गंधार या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, कारण पेटीचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. आमच्या शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचा अभ्यास केला तेव्हा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेतली होती. आकाशवाणीने 1940 ते 1971 या काळात पेटीवर बंदीच घातली होती. मी पेटीच्या विरुद्ध नाही, वर्गात दोन ठेवल्या आहेत. पण पहिल्या वर्षी कान तंबोऱ्यावर तयार व्हावा. मोबाईलमध्ये तंबोरा मिळतो. घरी सरावाला तो चालेल, माझा त्यावर राग नाही, फक्त त्याचा आवाज मोठा करून मुलाचा आवाज झाकू नका.

तबल्याच्या मुलांना सोळा मात्रांचा त्रिताल हातावर मोजायला लावतील. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. जेवताना, शाळेत जाताना ती बोटे मोजत राहतील. ताटावर ठेका धरला म्हणून ओरडू नका. अहमदजान थिरकवा खाँसाहेबांसारखा तबलजी बालगंधर्वांच्या नाटकमंडळीत साथ करीत असे आणि महाराष्ट्रातले प्रेक्षक गाण्याइतकेच तबल्यासाठी कान देत. ताट वाजले तर वाजू द्या.

मग सा. मग पाच स्वर. भूप किंवा दुर्गा यांसारखा पाच स्वरांचा राग, त्यातले अलंकार. रोज वीस मिनिटे पुरेत, पण रोज. रविवारी दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही.

आता त्या मुद्रण यंत्राविषयी. आपला आवाज प्रथमच ऐकला की प्रत्येक मूल म्हणते, "हा माझा नाही." आपण बोलतो तेव्हा आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही आपल्याच कानात पोहोचतो, म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो. यंत्र तो दुसऱ्याला जसा ऐकू येतो तसा देते. या धक्क्याने काही मुले गप्प होतात. त्यांना आधीच सांगून ठेवा. आणि पालकांना हात जोडून विनंती, ते मुद्रण कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. पाहुणे आले की "बेटा, गाऊन दाखव" हेही नको. कच्चा भोपळा कापला तर तो वाद्याला उपयोगी पडत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आमच्याकडे भोपळे येतात ते वाळलेले. वेलीवर पिकले, मग महिनोन् महिने वाळले, तेव्हा कुठे त्यांच्यात नाद येतो.

वाद्य विकत घेण्याचीही घाई करू नका. वाद्ये विकून ज्याने संसार केला तो हे सांगतो आहे. पहिले सहा महिने वर्गातलेच वापरा. मुलाचे मन सतारीवर आहे की तबल्यावर, हे त्याला स्वतःलाही तोवर कळत नाही.

एक प्रश्न काही पालकांनी मला बाजूला घेऊन विचारला. आपल्यात हे चालते का? मी आलिम नाही. त्या विषयावर मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांच्यावर कोणतीही सक्ती नाही, हा वर्ग ऐच्छिक आहे आणि नमाजाच्या वेळा सांभाळूनच त्याचे वेळापत्रक केले आहे. त्यांचा निर्णय मी आदराने मानतो. पण "आपल्याकडे हे कधी नव्हतेच" असे कोणी म्हणाले तर मात्र मी गप्प बसणार नाही. ते खरे नाही, आणि मिरजेत उभे राहून तर मुळीच म्हणता येणार नाही.

आमचे पूर्वज शिकलगार. तलवारी, भाले यांना पाणी आणि धार देणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांचे काम आटले तेव्हा फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये दुरुस्त करता करता ती घडवायला सुरुवात केली, आणि त्यांच्यामागून एक आख्खी गल्ली उभी राहिली. धार लावणारा हात जवारी काढू लागला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्याच हातांचे.

मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. किराण्यात जन्मलेला हा माणूस मिरजेचा झाला. वाद्य दुरुस्त करण्यातही ते वाकबगार होते, आमच्या गल्लीतली जुनी माणसे त्यांना निम्मा कारागीर समजत. 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना प्रकृती बिघडली, वाटेत एका लहान स्टेशनवर ते उतरले, आणि तंबोरा जुळवून घेऊन ईश्वराची आळवणी करीतच त्यांनी देह ठेवला, असे सांगतात. देह मिरजेला आणला. उरुसात त्यांच्या नावाने गाणे होते, तेथे थोरथोर गवई येऊन जमिनीवर बसून गातात. त्यांच्या शिष्यांत सवाई गंधर्व होते, रोशनआरा बेगम होत्या. त्यांची एक ध्वनिमुद्रिका ऐकून गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा गाणे शिकण्यासाठी घर सोडून निघाला, तो पुढे पंडित भीमसेन जोशी झाला. (विद्यार्थ्यांनी यातला घर सोडण्याचा भाग घेऊ नये. वर्ग जिन्यावरच आहे.)

कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्याने डोळ्यांना इजा झाल्यामुळे उपचारासाठी मिरजेस आला. दृष्टी अधू, शाळा संपलेली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तो गाणे शिकू लागला. बुवांची परंपरा ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँ यांच्या घराण्याची. या मुलाने 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. विष्णु दिगंबर पलुस्कर ते हेच. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राबून मिळणारी विद्या त्यांनी ठरावीक वेळ, ठरावीक अभ्यासक्रम आणि लेखी स्वरलिपी यांच्या साहाय्याने सामान्य घरच्या मुलापुढे आणली. आपला हा वर्ग त्याच वाटेवरचा आहे. पुढे ज्यांना परीक्षा द्यायच्या असतील त्यांना अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षा आहेत. पहिल्या वर्षी मात्र परीक्षेचा फॉर्म मागू नका. मी शिक्षकांना सांगितले आहे, मागितला तरी देऊ नका.

मुलींच्या पालकांची कुजबुज माझ्या कानावर आली आहे. याच मिरजेत 1905 साली खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर जन्मल्या. तिकीट लावून स्त्रीने प्रतिष्ठेने जाहीर मैफल करावी, हा रस्ता ज्या पहिल्या स्त्रियांनी पाडला त्यांत त्या अग्रभागी होत्या. आणि सांगलीला अल्लादिया खाँसाहेब औषधोपचारासाठी येऊन राहिले असता, शेजारून रियाज करणाऱ्या मुलीचा आवाज त्यांच्या कानी पडला आणि ते आपण होऊन शिकवायला गेले. ती मुलगी म्हणजे मोगूबाई कुर्डीकर. ऐकणाऱ्याने मुलगा की मुलगी हे पाहिले नाही, आवाजातली धडपड ऐकली. मुलींचा वर्ग दिवेलागणीच्या आत सुटेल आणि एक शिक्षिका शेवटपर्यंत थांबतील, एवढी व्यवस्था झाली आहे. आणखी काही हवे असेल तर मोकळेपणाने सांगा, कुजबुजू नका.

त्याच अल्लादिया खाँसाहेबांची दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. तरुणपणी दरबारात फार गावे लागल्याने त्यांचा आवाज बसला. पूर्वीचा गळा परत आला नाही. जो आवाज उरला त्याला झेपेल, शोभेल अशी नवी गायकी त्यांनी बसवली, आणि आज लोक तिला जयपूर घराणे म्हणून ओळखतात.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण माझा नातू चौदा वर्षांचा आहे आणि तो येथे तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याने माझ्याकडे पाहू नये म्हणून मीही पाहत नाही. गेल्या वर्षी तो या वर्गात होता. चांगला गात होता. दोन महिन्यांपूर्वी त्याने येणे बंद केले. विचारले तर म्हणतो, "शाळेचा अभ्यास आहे, दादा." अभ्यास आहे हे खरे आहे. पण बोलताना त्याचा आवाज मधेच फाटतो तेव्हा तो मान खाली घालतो, हेही मी पाहिले आहे. ती मान मला ओळखीची आहे. पन्नास वर्षांपूर्वी ती माझी होती.

मी त्याला आग्रह केला नाही. आग्रहाने गळा उघडत नाही. मी शिक्षकांकडे गेलो आणि विचारले, कंठ फुटलेल्या मुलांसाठी वेगळी अर्ध्या तासाची बैठक ठेवता येईल का, खालच्या पट्टीत, पाच स्वरांची, हसायला कोणी नसेल अशी. ते तयार झाले. पण एक अडचण निघाली. सुरुवातीला अशा बैठकीत एकटा मुलगा बसायला लाजतो. शिक्षक म्हणाले, "कोणीतरी सोबत हवे." म्हणून त्या बैठकीत एक नवा विद्यार्थी दाखल झाला आहे. त्याचे वय नियमात बसत नाही, पण समितीने सूट दिली. त्याची पट्टी अजून ठरायची आहे. पांढरी सात असावी असा त्याचा अंदाज आहे, आणि त्याचाही स्वर फाटण्याची दाट शक्यता आहे.

ही बैठक सोमवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी पाच वाजता. सर्वसाधारण वर्ग त्यानंतर साडेपाचला. मी साडेचारलाच येऊन तंबोरे जुळवायला बसेन. हवा बदलली की तारा उतरतात, रोज पाहाव्या लागतात. ज्या मुलांना खर्जातला गंधार ऐकायचा असेल त्यांनी तेव्हा यावे. पहिल्या दिवशी ऐकू येणार नाही. चपला जिन्याखाली ठेवाव्यात, वर जागा कमी आहे.